खरेदीची उपेक्षित विद्या

हैदराबाद शहरातील कोठी आणि मोअज्जमजाही मार्केट यांच्या परिसरात वसलेले जामबाग हे नाव मराठी माणसाला परके वाटू नये. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात, निजामी राजवटीत मराठी मुलांना मायबोलीतून शिकण्याची सोय दुर्मीळ असताना, पुढे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर आणि त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून उभी राहिलेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था याच जामबागेत आहे. शहरातील इतर लोकांना मात्र हे नाव परिचयाचे झाले ते फुलांच्या घाऊक बाजारामुळे. तो बाजार पुढे गुडिमलकापूरला हलला. परंतु विद्येचे मंदिर आणि मालाची पेठ अशी दोन्ही दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली, हा जामबागचा लौकिक राहिलाच. आमच्या शिक्षणाची शोकांतिका अशी की, हे दोन शेजारी एकमेकांशी कधी फारसे बोलले नाहीत. पेठेला जे ठाऊक होते ते शाळेने शिकविले नाही, आणि शाळेने जे शिकविले त्याचा पेठेला उपयोग झाला नाही.

या शेजाराची आठवण आज करून देण्यास कारण आहे. हैदराबादेत काय किंवा पणजी, मडगाव, म्हापशात काय, वाणिज्य शाखेचा पदवीधर बाहेर पडला की त्याच्यासमोर ठरावीक वाटा असतात. बँक, सरकारी नोकरी, हिशेबतपासणी, संगणक आणि हे काहीच न साधले तर परदेश. कारखान्याला लागणारा कच्चा माल, रुग्णालयाला लागणारे औषध, बंदरातून जाणारा माल हे सारे योग्य वेळी, योग्य गुणाचे आणि योग्य भावाने मिळवून देणे हा देखील एक प्रतिष्ठित व्यवसाय आहे, त्याला शास्त्र आहे, त्यात चढती श्रेणी आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. इंग्रजीत ज्याला ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ म्हणतात त्या पुरवठा-साखळीच्या व्यवस्थापनात आज देशभर माणसे हवी आहेत. तरीही मराठी घरांतून या क्षेत्राकडे हेतुपुरस्सर वळणारे तरुण फार थोडे.

या अनास्थेच्या मुळाशी दोन समज आहेत आणि दोन्ही घातक आहेत. पहिला समज असा की, खरेदी ही काही विद्या नव्हे. बाजारात जाऊन घासाघीस करणे एवढेच त्यात असते आणि ते कोणालाही जमते. दुसरा समज अधिक बोचरा आहे. ‘परचेस ऑफिसर’ म्हटले की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक सूचक हसू उमटते. त्या खुर्चीला चिकटलेली वरकमाई, दिवाळीच्या भेटी, टक्केवारी हे सारे त्या हसण्यात येते. म्हणजे ज्या कामात बुद्धी लागत नाही आणि सचोटी टिकत नाही असे काम, अशी खरेदीखात्याची प्रतिमा आम्ही करून ठेवली आहे. मग हुशार आणि प्रामाणिक मुले तिकडे फिरकत नाहीत यात नवल ते काय? आणि ती फिरकत नाहीत म्हणूनच ती प्रतिमा खरी ठरत राहते, हे दुष्टचक्र आहे.

वास्तविक या विद्येचे पहिले धडे फुलबाजारातच मिळतात. मोगऱ्याचे फूल सकाळी सोने आणि संध्याकाळी माती. हार विकणाऱ्याने पहाटे किती फूल उचलावे? समजा, एका मापाला त्याला दहा रुपये पडतात आणि ते पंधराला विकले जाते. न विकलेले माप उरले तर दहा रुपये पाण्यात. माल कमी पडून गिऱ्हाईक परत गेले तर पाच रुपयांचा नफा बुडाला. उरण्याचा तोटा हुकण्याच्या तोट्याच्या दुप्पट आहे. म्हणून त्याने हात आखडूनच खरेदी केली पाहिजे. गणिताने पाहिले तर तीनांतल्या दोन दिवशी त्याचा माल गिऱ्हाइकाआधी संपला तरी तो शहाणाच ठरतो. दसरा किंवा चतुर्थीच्या आदल्या दिवशी भाव दुप्पट मिळणार असेल, तर हेच गणित उलटते आणि टोपली भरून घेणे शहाणपणाचे होते. शाळेत न गेलेला विक्रेता हे अनुभवाने जाणतो. महाविद्यालयात शिकलेल्या आपल्या अधिकाऱ्यांना मात्र, औषध हे फुलासारखे खरेदी करायचे नसते, एवढेही कित्येकदा उमगत नाही. रुग्णालयात औषध थोडे उरले तर काही रुपये वाया जातात. कमी पडले तर माणूस जातो. तेथे साठ्याचा कल नेहमी भरल्या हाताकडेच असला पाहिजे. गणित तेच, निष्कर्ष उलट. कोठे हात आखडावा आणि कोठे सोडावा हे ओळखणे हाच या विद्येचा गाभा होय.

ही विद्या पाश्चात्त्यांनी आम्हांला शिकविली, असे मानण्याचेही कारण नाही. चिपळुणाजवळ छावणीला असलेल्या फौजेच्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. पावसाळ्याचे महिने पुढे आहेत. दाणा आणि गवत आत्ताच मन मानेल तसे उधळले तर ऐन पावसात घोडे मरतील. मग शिपाई कुणब्यांच्या घरांतून धान्य, गवत, भाजीपाला ओरबाडू लागतील आणि रयत देशोधडीला लागेल, असा इशारा त्यात आहे. जे हवे ते पैसे देऊन बाजारातून विकत आणावे, अशी ताकीद आहे. इतकेच काय, पेटत्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर सावधगिरी आहे. साठा, त्याचे रेशन, खरेदी आणि आगीपासूनची सुरक्षितता हे आजच्या पाठ्यपुस्तकातील चारही विषय त्या एका पत्रात आहेत. आणि या सर्वांच्या वर, ज्याच्याकडून माल घ्यायचा त्याच्यावर अन्याय होता कामा नये, हा दंडक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड घेताना आंबा-फणसाच्या झाडाला मालकाच्या राजीखुशीवाचून आणि मोबदल्यावाचून हात लावू नये, असा दंडक घालून दिला आहे.

आणि हे भान सुटले की काय होते, हे मराठी माणसाला पानिपताने शिकविले आहे. रसदेची मोठी जबाबदारी ज्यांच्यावर होती ते गोविंदपंत बुंदेले १७६० च्या डिसेंबरात मारले गेले, रसदेच्या वाटा तुटल्या आणि १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंची फौज रणांगणात उतरली ती उपासमारीने गांजलेली. शौर्य कमी पडले नव्हते; दाणागोटा कमी पडला होता. आमच्या बखरींनी आणि नाटकांनी तलवारींचे कौतुक पुष्कळ केले, पण कोठीवाल्याचे पोवाडे कोणी गायिले नाहीत.

आधुनिक काळात या व्यवहाराला शास्त्राचे रूप आले. एका खेपेला माल किती मागवावा म्हणजे मागविण्याचा आणि साठवण्याचा खर्च मिळून कमीत कमी होईल, याचे सूत्र अमेरिकेत फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले. भांडारातील हजारो वस्तूंपैकी मोजक्याच वस्तूंत बहुतेक पैसा गुंतलेला असतो, म्हणून त्यांच्यावर नजर अधिक ठेवावी, हा ‘ए-बी-सी’ वर्गवारीचा विचार १९५० च्या सुमारास कारखान्यांत रूढ होऊ लागला. जपानमध्ये टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी, लागेल तेव्हा लागेल तेवढेच, ही पद्धत बसविली. १९८२ मध्ये कीथ ऑलिव्हर यांनी ‘सप्लाय चेन मॅनेजमेंट’ हा शब्द वापरात आणला आणि पुढच्याच वर्षी पीटर क्राल्जिच यांनी, खरेदीखात्याने नुसते भाव पाडणे सोडून पुरवठ्याची जोखीम ओळखावी, असे बजावले. त्यांचे म्हणणे साधे होते. जी वस्तू कोपऱ्यावर मिळते तिच्यासाठी घासाघीस करा. पण जी जगात एकाच ठिकाणी मिळते आणि जिच्यावाचून कारखाना बंद पडतो, तिच्या पुरवठादाराशी वर्षानुवर्षांचे नाते जोडा.

हैदराबाद हे या शास्त्राचे चालतेबोलते विद्यालय आहे. स्वातंत्र्यानंतर भारत हेवी इलेक्ट्रिकल्स, इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, अणुइंधन संकुल, भारत डायनॅमिक्स, मिश्र धातू निगम अशा सरकारी उद्योगांनी तेथे हजारो वस्तूंची भांडारे उभी केली आणि खरेदी-अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडविल्या. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या सरकारी औषध कारखान्यातून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे खाजगी औषधउद्योग काढले. १९८४ मध्ये डॉ. अंजी रेड्डी यांनी स्थापलेली कंपनी हे त्याचे ठळक उदाहरण. औषध कारखान्यातील खरेदी ही इतर खरेदीसारखी नसते. तेथे आज या व्यापाऱ्याकडून आणि उद्या त्या व्यापाऱ्याकडून, असे चालत नाही. कच्च्या मालाचा स्रोत बदलायचा तर नव्या पुरवठादाराची तपासणी, मालाच्या चाचण्या आणि नियामक संस्थांकडील नोंदी हे सारे सोपस्कार आले. त्यांत महिनेच्या महिने जातात. अनेक मूलद्रव्यांसाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, हे २०२० मध्ये महासाथीने दाखविले. २०२१ च्या एप्रिलात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या प्रमुखांना लसीच्या कच्च्या मालावरील निर्बंध उठवावेत म्हणून अमेरिकेच्या अध्यक्षांना जाहीर विनंती करावी लागली. जगातील सर्वांत मोठ्या लसउत्पादकाचे सारे कौशल्य दुसऱ्या देशातून येणाऱ्या सामग्रीपाशी अडून बसले होते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच, हा धडा पुण्याने आणि हैदराबादेने एकाच वेळी घेतला.

गोव्याने तो धडा याहून कडू रीतीने घेतला. २०२१ च्या मे महिन्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे दोन ते सहा या वेळेत रुग्ण दगावत गेले. ११ मेच्या एका पहाटेत २६ जण गेल्याचे आरोग्यमंत्र्यांनी स्वतः सांगितले. राज्यात प्राणवायूचा तुटवडा नाही, तो वॉर्डांपर्यंत वेळेवर पोहोचण्यात अडचण आहे, अशा आशयाचे निवेदन मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी केले. आणि सिलिंडरांची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर वळविण्यात व ट्रॉली जोडण्यात अडचणी येतात, दरम्यान दाब घसरतो, असे सरकारतर्फे उच्च न्यायालयात सांगण्यात आले. त्या निवेदनांचा अर्थ शांतपणे लावावा. प्राणवायू होता, तो शेवटच्या काही पावलांवर अडला होता. यापेक्षा पुरवठा-व्यवस्थापनाची अधिक करुण व्याख्या आम्हांला ठाऊक नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गोरखपूरच्या रुग्णालयात पुरवठादाराची थकबाकी न दिल्याने द्रवरूप प्राणवायू बंद झाला. मृत्यूंचे कारण ते नव्हे, असे सरकारचे म्हणणे पडले. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण गेले, तेव्हा औषधटंचाईचा आरोप झाला आणि प्रशासनाने तो नाकारला. आरोप-प्रत्यारोपांचा निवाडा करणे हा येथे विषय नाही. परंतु दरवेळी प्रश्न फिरून त्याच खात्याशी येऊन थांबतो, ज्याच्याकडे आम्ही एरवी ढुंकूनही पाहत नाही.

हे अटळ आहे काय? मुळीच नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. मोजक्या आवश्यक औषधांची यादी, त्यांची मूळ नावाने एकत्रित खरेदी, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, प्रत्येक मालाच्या नमुन्याची चाचणी, संगणकावर साठ्याची नोंद आणि प्रत्येक रुग्णालयाच्या हाती आपल्या वाट्याची रक्कम दाखविणारे पासबुक, अशी ती साधी रचना. तिचे अनुकरण इतर राज्यांनी केले. तेलंगणाच्या अशाच महामंडळाचे कार्यालय जामबागपासून हाकेच्या अंतरावर, कोठीच्या आरोग्य संचालनालयाच्या आवारात आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये हे काम हाफकिन महामंडळाकडे दिले, ते नीट चालेना, आणि अखेर २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. फरक पैशाचा नाही. काम जाणणाऱ्या माणसांचा आणि त्यांना मिळणाऱ्या अधिकाराचा आहे.

सरकारी खरेदीत आणखी एक रोग आहे. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली की अधिकारी सुटला. चौकशी झाली तर कागद त्याच्या बाजूने बोलतो. मग यंत्र सहा महिन्यांत मोडले, तरी दोष कोणाचाच नसतो. किंमत म्हणजे केवळ बिलावरचा आकडा नव्हे. दुरुस्ती, सुटे भाग, वीज, बंद पडलेले दिवस हे सारे तिच्यात धरले पाहिजे. २०१६ मध्ये आलेल्या सरकारी ई-बाजारपेठेने आणि २०१७ च्या वित्तीय नियमांनी व्यवहार पुष्कळ उघडा केला, जुने पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय त्याच वर्षी बंद झाले, आणि २०२१ पासून काही कामांत गुणवत्तेला भारांक देण्याची मुभाही मिळाली. परंतु गुणवत्ता पारखायची तर पारखी हवा. नियम हा कंदील आहे. डोळे तो देत नाही. त्याचप्रमाणे लहान पुरवठादाराचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो, आणि तरीही वेर्णा, कुंडई किंवा बालानगरच्या वसाहतीतील छोटा कारखानदार बिलासाठी हेलपाटे घालताना दिसतो. ज्याचे पैसे अडकतात तो पुढच्या निविदेत भाव चढवतो किंवा माल हलका देतो. उधारीवर मिळविलेला स्वस्तपणा असा दुप्पट महाग पडतो.

मग या व्यवसायात शिरू पाहणाऱ्या तरुणाने काय करावे? पहिली गोष्ट म्हणजे, सुरुवात भांडारातून करण्याची लाज वाटू देऊ नये. जो माल हाताळलेला नाही तो विकत घेता येत नाही. एक-दोन वर्षे गोदामात उभे राहून आवक तपासणे, साठा मोजणे, नोंद आणि प्रत्यक्ष माल यांतील तफावत शोधणे, हे ज्याने केले त्याला कोणताही व्यापारी सहसा फसवू शकत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. १८७२ चा करार कायदा, १९३० चा मालविक्री कायदा, वस्तू व सेवा कर, आणि परदेशी व्यवहारांत माल कोणत्या टप्प्यावर कोणाच्या जोखमीचा होतो हे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय संज्ञा, इतके पायाभूत ज्ञान हवेच. तिसरी गोष्ट औपचारिक शिक्षणाची. नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट या संस्थेचे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून पुरे करता येतात आणि हैदराबादेत तिची शाखा आहे. पवईची १९६३ ची औद्योगिक अभियांत्रिकी संस्था २०२३ पासून भारतीय व्यवस्थापन संस्था झाली आहे. तेथील पदवी मिळविणे कठीण, पण मोलाचे. मात्र प्रमाणपत्राने दार उघडते, आत बसवून ठेवते ते काम. संगणक आता साठा संपत आला की आपणहून मागणी नोंदवितो. पुरवठादाराच्या कारखान्यात संप होणार आहे हे त्याच्या आवाजावरून ओळखणे संगणकाला जमत नाही.

जामबागेत वाढलेल्या मराठी मुलाजवळ तर एक उपजत भांडवल आहे. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू, बाजारात दख्खनी, कचेरीत इंग्रजी. चार भाषांत भाव विचारता येणे आणि चार भाषांत नकार देता येणे, ही या व्यवसायातील मोठी शक्ती आहे. गोव्याच्या मुलाजवळही कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीच संपत्ती आहे. ती तो अजून व्यवसायात गुंतवीत नाही, इतकेच.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट चारित्र्याची. या खुर्चीवर बसणाऱ्याला मोह रोज भेटतो आणि तो नेहमी नोटांच्या पुडक्याच्या रूपाने येत नाही. कधी मिठाईचा डबा, कधी मुलाच्या प्रवेशाची शिफारस, कधी नुसती सलगी. पहिला डबा परत करणे सोपे असते, दहावा परत करणे अशक्य होते. प्रामाणिकपणा हा येथे केवळ नीतीचा विषय नाही, तो कौशल्याचा भाग आहे. कारण ज्याने पुरवठादाराचे काही घेतले आहे, त्याला त्याचा माल नापास करण्याची मोकळीक उरत नाही.

गोव्यापुरते बोलायचे तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. बेळगावहून येणारी भाजी एक दिवस घाटात अडली की आमच्या बाजारात हाहाकार उडतो, आणि चतुर्थीच्या तोंडावर तर आम्ही सारे परजिल्ह्यांच्या ट्रकांकडे डोळे लावून बसतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा बार्ज, ट्रक आणि धक्के यांवर आयुष्य काढलेली माणसे एकाएकी रिकामी झाली. माल कसा हलतो हे त्यांना जितके कळते तितके पुस्तकी पंडितांना कळत नाही. पण त्यांच्या ज्ञानाला कोणी विद्या मानले नाही, प्रमाणपत्र दिले नाही. आज मुरगाव बंदर आहे, कोकण रेल्वे आहे, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ चालू आहे, वेर्ण्यात औषधांचे कारखाने आहेत. एवढी सामग्री असलेल्या राज्याच्या महाविद्यालयांतून खरेदी आणि पुरवठा हा विषय मुलांना कारखान्यात आणि धक्क्यावर नेऊन शिकविला गेला पाहिजे. आणि सरकारने आपल्या खात्यांत, निदान आरोग्यखात्यात तरी, प्रशिक्षित खरेदी-अधिकाऱ्यांचा वेगळा वर्ग निर्माण केला पाहिजे. आज लिपिक, उद्या खरेदी, परवा दुसरेच खाते, अशी बदल्यांची भिंगरी फिरत राहिली तर बांबोळीच्या त्या पहाटेपासून आम्ही काही शिकलो, असे म्हणता येणार नाही.

शाळा आणि पेठ यांनी एकमेकांकडे पाठ फिरवून बसण्याचे दिवस संपले पाहिजेत. आपल्या मुलाने खरेदीखात्यात नोकरी धरली हे सांगताना आईबापांची मान जेव्हा खाली जाणार नाही, आणि ऐकणाऱ्याच्या ओठांवर ते सूचक हसू उमटणार नाही, तेव्हा ही विद्या आमच्या समाजात रुजली असे समजावे. ते हसू पुसण्याचे काम सरकारच्या परिपत्रकाने व्हायचे नाही. ते या खुर्चीवर बसायला निघालेल्या तरुणांनाच करावे लागेल.